तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या पोरावरच केस होईल का?

परदेशी पाठवतो म्हणून एजंटानं बुडवलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा नसतो. दार लोटून, आवाज बारीक करून विचारतात, "वकीलसाहेब, तक्रार दिली तर आमच्या पोरावरच केस हुईल का?"

बहुतेक वेळा नाही. बनावट शिक्का किंवा दुसऱ्याचा पासपोर्ट वापरला असेल तर पासपोर्ट कायदा पोरालाही सोडत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण नुसता एजंटाच्या भरवशावर निघाला आणि अडकला, तर तो आपला साक्षीदार. माणसांच्या चोरट्या वाहतुकीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा करार भारतानं २०११ मध्ये स्वीकारला. त्याचं पाचवं कलम हेच सांगतं: ज्याला नेलं, त्याला नेलं गेल्याबद्दल आरोपी करू नका.

शिरोळकडची एक आई आली होती. उसाचं रान गहाण टाकून सात लाख दिलेले, तेही रोख. सांगितलं पोलंडचं गोदाम, उतरवलं सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला. तेव्हा सर्बियाला आपल्याला व्हिसा लागत नसे. १ जानेवारी २०२३ पासून लागतो. पुढं हंगेरीच्या कुंपणापर्यंत पायपीट, आणि परत. एजंटाचं उत्तर ठरलेलं: "मी फक्त तिकीट काढून दिलं."

गोम इथंच आहे. १९८३ चा उत्प्रवास कायदा नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या विनापरवाना एजंटाला धरतो, आणि कागदावर असते सहल. धरला तरी शिक्षा दोन वर्षांपर्यंत, दंड जास्तीत जास्त दोन हजार. दोन हजार! एवढ्यात हल्ली पोराची बॅगसुद्धा येत नाही. पंजाबनं २०१२ मध्ये तिकीट-व्हिसावाल्यांनाही परवान्याखाली आणलं. आपल्याकडेही ते व्हायला हवं. परवाना असलेल्या एजंटालासुद्धा ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते. हा आकडा दूध संस्थांच्या फळ्यावर लिहिला तरी पुष्कळ काम होईल.

१९८३ च्या या कायद्याखाली खटल्याला केंद्राची मंजुरी लागते. पण जाणाऱ्यानं स्वतः, किंवा त्याच्या वतीनं आईबाप, नवरा-बायको, भावंडांनी तक्रार दिली तर लागत नाही. "म्हंजे माझी सही चालती?" बाईंनी विचारलं. चालते.

त्यांनी सही केली. फसवणुकीचं कलमही लागलं. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, ते ३१८ झालंय, पण कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर अजून ४२०च म्हणतात. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मात्र कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होते. एजंटानं साडेतीन लाख आणून ठेवले. सावकाराचं व्याज चढत होतं. बाईंनी दुसरी सही केली, आणि मी त्यांना अडवलं नाही.

एजंटाच्या त्याच गाळ्यावर आता 'स्टुडंट व्हिसा' अशी नवी पाटी आहे.