तुम्ही विचारलंत म्हणून: संस्था गेल्यावर गावात काय उरतं?

पाणलोट, माती, शेती असं काही बोलायला कुठेही गेले की शेवटी हा प्रश्न येतोच, कधी सरपंचांकडून, कधी कॉलेजच्या एखाद्या मुलीकडून, की मॅडम, संस्था येते, चार वर्षं काम करते, फंडिंग संपलं की निघून जाते, मग मागे राहतं काय? आणि लगेच दुसरा, तुम्ही सारखं त्या फिलिपिन्सचंच का सांगता? दोन्हीचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माझ्या मते शेतकऱ्याने स्वतः काटछाट करून, घरातल्या दोन-तीन माणसांना झेपेल एवढी करून घेतलेली गोष्ट उरते, आणि हे मला क्लावेरियात सगळ्यात स्पष्ट दिसतं. क्लावेरिया म्हणजे फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटाच्या उत्तरेला मिसामिस ओरिएंटल प्रांतातला डोंगराळ भाग, मका, कसावा, टोमॅटो करणारी गरीब माणसं, बरीचशी दुसरीकडून येऊन वसलेली. जमीन आम्लधर्मी, पाऊस भरपूर, आणि उतारावर वरून खाली नांगरलं की माती सरळ ओढ्यात.

त्याच बेटाच्या दक्षिणेला, दावाओ देल सुर मधल्या बानसालानला, १९७०च्या दशकात हॅरोल्ड वॉटसन नावाच्या मिशनऱ्याच्या केंद्राने तिथल्या शेतकऱ्यांशी बोलत बोलत एक पद्धत बसवली, सॉल्ट म्हणतात तिला, म्हणजे स्लोपिंग ॲग्रिकल्चरल लँड टेक्नॉलॉजी, उताराच्या शेतीचं तंत्र. उतारावर साधारण चार-पाच मीटरवर समपातळी रेषा आखायच्या, त्यावर इपिल-इपिल, म्हणजे आपली सुबाभूळ, दाट दुहेरी ओळीत लावायची, सारखी छाटायची, पाला मधल्या पट्ट्यात टाकायचा आणि तिथे पीक घ्यायचं. रेषा आखायला ए-फ्रेम, म्हणजे तीन काठ्या आणि दोरीला बांधलेला दगड. मला ही पद्धत फार आवडते, अजूनही, आणि वॉटसनना १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. पण १९८०च्या दशकाच्या मध्यावर सायला आली, आपल्या संत्रावाल्यांना जी माहीत आहे तिच्याच कुळातली कीड, आणि तिने सुबाभूळ खाऊन टाकली, मग गिरीपुष्प, फ्लेमिंजिया अशी दुसरी झाडं आणावी लागली.

क्लावेरियात हे कुंपण-ओळींचं तंत्र १९८०च्या दशकात पोचलं. शिकायला तिथल्या काही शेतकऱ्यांना सेबू बेटावर नेलं होतं, जिथे शेतकरीच शेतकऱ्यांना शिकवत होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. परत येऊन लोकांनी ओळी लावल्या, आणि मग अडचण कळली ती छाटणीची. वर्षातून कितीतरी वेळा छाटायचं, तेही नेमकं पेरणी-खुरपणीच्या गर्दीत, घरात माणसं तीन, मजूर परवडत नाही. बऱ्याच जणांनी सोडून दिलं. बाहेरचा माणूस इथे वहीत लिहितो की लोकांनी तंत्र स्वीकारलं नाही, आणि विषय बंद.

पण काही शेतकऱ्यांनी काय केलं, रेषा आखल्या आणि त्यावर काहीच लावलं नाही. नांगरताना हाताएवढा, साधारण अर्ध्या मीटरचा पट्टा तसाच सोडून दिला, त्यावर जे गवत आपोआप उगवलं ते उगवू दिलं. बी नाही, रोप नाही, छाटणी जवळजवळ नाही. वरून वाहत आलेली माती त्या गवताला अडते, आणि काही वर्षांत उताराचे पायऱ्यांसारखे टप्पे आपोआप पडत जातात. धूप प्रचंड कमी होते. ए-फ्रेमसुद्धा किचकट वाटली तर गाईच्या पाठीवरून रेषा धरायची, म्हणजे नांगराला जुंपलेल्या गाईचं डोकं वर जायला लागलं की आपण चढाला लागलो, मागची बाजू वर झाली की उताराला, पाठ सपाट राहील असं चालायचं. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की काय सांगू! तिथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचं मोठेपण हे की त्यांनी ते नाकारलं नाही, त्याचाच अभ्यास केला, आणि त्यातला तोटाही मांडला की टप्प्याची वरची कड निकस होत जाते, तिथे जास्तीचं खत घालावं लागतं.

१९९६ मध्ये शेतकऱ्यांनीच आग्रह धरला की हे आम्हाला नीट शिकवा, तेव्हा कृषिवनीकरणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीने तिथे लँडकेअरचे, म्हणजे जमीन सांभाळायला एकत्र येणाऱ्या शेतकऱ्यांचे, गट सुरू झाले. आपल्या वाडीसारखा त्यांचा सितिओ, त्या पातळीवरचे गट, स्वतःची रोपवाटिका, स्वतःच्या बैठका. फुकट खत-पैसे वाटप नाही. १९९१च्या कायद्याने शेती विस्ताराचं काम तिथे नगरपालिकांकडे आलेलं होतं, त्यामुळे स्थानिक सरकारलाही सोबत घेता आलं. मग त्याच गवताच्या पट्ट्यांवर लोकांनी फळझाडं लावली, लाकडासाठी गमेलिना लावला, म्हणजे आपला शिवण. पट्टा आधी फुकटात आला, झाड नंतर ऐपतीप्रमाणे, हा क्रमही त्यांनीच ठरवला.

ह्याच्या उलट मासागाना ९९ बघा. १९७३ साली मार्कोस सरकारने आणलेली भाताची योजना, हेक्टरी ९९ पोती पिकवायची, त्यासाठी विनातारण कर्ज, आणि कर्जासोबत ठरलेलं बियाणं, खत, औषध. सुरवातीला उत्पादन खरंच वाढलं, देशात तांदूळ शिल्लकही पडला. पण कर्जं थकली, ग्रामीण बँका अडचणीत आल्या, कर्ज आटलं आणि योजनाही विझली, कारण शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं, बियाणंसुद्धा नाही. त्या अनुभवातूनच १९८५ साली शेतकरी आणि काही शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि पुढे मासिपाग ही संघटना उभी राहिली. जुन्या भाताच्या जाती गोळा करायच्या, गटाच्या जमिनीवर शेजारी शेजारी लावून बघायच्या, आपल्या मातीत जी चालते ती निवडायची, संकरही शेतकऱ्यांनीच करायचा. आज चाळीसेक वर्षांनी ती चालू आहे, आणि निधी तिथेही कमी-जास्त होत आलाय.

एक मात्र मी दरवेळी सांगते, आणि ते ऐकताना लोक गप्प होतात. हे सगळं ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याचं. कुळाने किंवा नीग्रोस बेटावरच्या ऊसमजुराने दुसऱ्याच्या जमिनीत झाड का लावावं? जमीन वाटपाचा कायदा १९८८चा, पण कागद मिळून ताबा न मिळालेली माणसं तिथे आहेत, आणि त्यांना कुठलंही शेती तंत्र पुरत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो लढूनच सुटतोय तेवढा सुटतोय.

आता तुमचा नेहमीचा पुढचा प्रश्न, आमच्याकडे जमेल का. वरकस जमीन असेल, नाचणी-वरी करत असाल, तर यंदा नांगरताना एकाच तुकड्यात आडवे दोन पट्टे सोडून बघा, गावातली जनावरं त्यावर चरली तरी चालेल फक्त मुळासकट उपटलं जाऊ देऊ नका, आणि दोन पावसाळ्यांनंतर पट्ट्याच्या वरच्या बाजूला माती किती साठली ते मला नक्की कळवा.