किती वाजता खाल्लं?

निवृत्त झाल्यापासून मला जे फोन येतात, त्यांतले निम्मे शिळ्या भाताबद्दल असतात. "मावशी, रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाल्ला तर चालतो का गं?" सगळी नोकरी मायक्रोबायोलॉजी शिकवण्यात गेली, त्यातही अन्नसुरक्षा हा माझा विषय, आणि नातेवाइकांच्या लेखी मी भाताची सल्लागार. तक्रार नाही. चालतो की, मी सांगते, पण रात्री शिजला किती वाजता आणि फ्रीजमध्ये गेला किती वाजता? "फ्रीजमध्ये कुठला, ओट्यावरच होता."

तर मग ऐका. तांदळावर बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू असतात, म्हणजे टणक कवचातलं त्याचं झोपलेलं रूप. ते मातीतून येतात, त्यामुळे दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. भात शिजला की बाकीचे जिवाणू मरतात, हे बीजाणू तगतात. कोमट भातात रात्रभर त्यांना रान मोकळं. यांतल्या काही जाती भातातच सेरुलाइड नावाचं विष सोडून ठेवतात, आणि ते १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, सकाळच्या फोडणीची तर बातच सोडा. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडू लागले, त्यामागे हेच होतं. भात मोकळा राहावा म्हणून ते लोक रात्री शिजवून बाहेरच ठेवत. आपल्याकडे असं किती जणांना होत असेल कोण जाणे. आपण "पित्त झालं" म्हणतो आणि विषय संपवतो.

माझ्या विषयात भिंग, रंग, अगार (जिवाणू वाढवायची जेली), किट सगळं आहे. पण अन्नातून विषबाधा झाली असं कळलं की पहिलं हत्यार घड्याळच. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता पहिली उलटी झाली? अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू झाल्या तर आयतं विष पोटात गेलेलं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस, माणसाच्या नाकात, कातडीवर राहणारा जिवाणू) नाहीतर सेरिअस. दुपारच्या पंगतीनंतर मध्यरात्री मुरडा आणि जुलाब, पण ताप नाही, तर मोठ्या पातेल्यातलं वरण किंवा मटणाचा रस्सा बघायचा. तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स भेटतो. दुसऱ्या दिवशी ताप घेऊन आलं तर साल्मोनेला. ही वर्गवारी कच्ची आहे, अपवाद भरपूर, पण नमुना प्रयोगशाळेत पोचायच्या आधीच ती निम्मं काम करते. परीक्षेत मात्र विचारतात, बेअर्ड-पार्कर अगारवर स्टॅफच्या वसाहती कशा दिसतात. काळ्या, चकचकीत, भोवती स्वच्छ कडं. मुलं पाठ करतात, गुण मिळतात. घड्याळाचा प्रश्न मी दरवर्षी आमच्या अंतर्गत परीक्षेत घालायची.

वर्गात पहिल्या तासाला मी बार्बरची गोष्ट सांगायची. फिलिपीन्समधल्या एका फार्मवर येणाऱ्या पाहुण्यांची पोटं बिघडत. एम. ए. बार्बर या संशोधकाने तिथल्या एका गाईवर बोट ठेवलं; तिच्या कासेला स्टॅफचा संसर्ग होता. ताजं दूध प्यायलं तर काही होत नाही, तेच काही तास बाहेर ठेवून प्यायलं की उलट्या. हा प्रयोग त्याने स्वतःवर करून बघितला आणि १९१४ मध्ये छापला. गाय तीच, दूध तेच, मधे फक्त काही तास गेले. मागच्या बाकावरची मुलंही एवढं ऐकून घेत.

माझं स्वतःचं संशोधन खव्यावर. लातूरला राहायचं आणि खव्यावर काम करायचं नाही, म्हणजे कोल्हापुरात राहून गुळाकडे बघायचं नाही तसं. भूम, कुंथलगिरीकडचा भाग जवळच. मी एसटीने जायची, बर्फाची पेटी मांडीवर घेऊन. पहिल्यांदा गेले तेव्हा भट्टीवाल्या काकांना वाटलं मी भेसळ पकडायला आलेय. "मॅडम, आमच्या खव्यात स्टार्च निघला तर भट्टी मोडून टाका." स्टार्च मला नकोच होता. मला कढईतून उतरलेला खवा हवा होता, मग टोपलीत थापलेला, मग फडक्यात बांधून गाडीत चढवलेला, आणि शेवटी शहरातल्या दुकानात पोचलेला. एकाच घाण्याचा माग.

कढईतून नुकता उतरलेला खवा या बाबतीत निर्मळ असतो, तिथे स्टॅफ जगूच शकत नाही. तो येतो पुढे, हातांतून, फडक्यातून, नाक पुसलेल्या बोटातून. मग रात्रभर गाडीत तीस-पस्तीस अंशांत तो वाढतो. एका ग्रॅममागे लाखभर झाले की विष तयार होण्याइतकी फौज जमली समजा. आता खरी गंमत पुढे आहे. पेढेवाला तो खवा साखर घालून पुन्हा भाजतो. जिवाणू मरतात. विष मरत नाही, अर्धा तास उकळून काढलं तरी त्यातलं पुष्कळ शिल्लक राहतं. अशा पेढ्याचा नमुना प्रयोगशाळेत आला की बेअर्ड-पार्करवर काहीच उगवत नाही, अहवाल स्वच्छ, आणि पेढे खाल्लेली माणसं दवाखान्यात सलाइनवर.

विष थेट मोजायची किट तेव्हा आमच्या आवाक्यातली नव्हती. त्यामुळे मी मागच्या दाराने गेले. स्टॅफ आपल्याबरोबर न्यूक्लिएज नावाचं डीएनए तोडणारं विकर सोडतो, ते उष्णता सोसतं. खव्याचा अर्क पंधरा मिनिटं उकळायचा, म्हणजे बाकीची विकरं निकामी होतात. टोल्युइडिन ब्लू हा रंग आणि डीएनए घातलेल्या निळ्या अगारमध्ये बारीक खड्डे पाडून त्यांत तो अर्क सोडायचा आणि ३७ अंशांवर ठेवायचं. चारेक तासांनी खड्ड्याभोवती गुलाबी कडं उमटलं तर समजायचं की इथे स्टॅफची मोठी वस्ती होऊन गेली आहे, आज एकही जिवंत नसला तरी. निळ्यावरचं ते गुलाबी कडं पहिल्यांदा उमटलं तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या मामांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "ओल लागली असंल."

३७ अंशांवर ठेवायचं हे लिहायला सोपं. त्या काळी लातुरात दिवसाला किती तास वीज असेल याचा भरवसा नसे, आणि एप्रिल-मेमध्ये प्रयोगशाळेतच पारा ३९ वर. साधा इन्क्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. मग आम्ही त्याचं दार उघडून आत बर्फाची बाटली ठेवायचो. पुण्या-मुंबईच्या परीक्षकांना हे सांगितलं की ते हसत, आणि पुढच्या प्रश्नाला लागत.

२०१६ चा उन्हाळा त्याहून वाईट. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती बातमी देशभर झाली. आमच्याकडे काचसामान धुवायला पाणी नाही आणि लोक मात्र बाटल्या भरून टँकरचं पाणी तपासायला आणत होते. वापरून फेकायच्या प्लेट मागवल्या, विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावल्या आणि एमपीएन चाचण्या केल्या, म्हणजे पाण्यात जिवाणू किती याचा अंदाज. नळीत उलटी ठेवलेली इवलीशी डरहॅम नळी असते, पाण्यात कोलिफॉर्म (मैला मिसळल्याची खूण समजले जाणारे जिवाणू) असले तर त्यात वायूचा बुडबुडा धरतो. एरवी मुलांना हे प्रॅक्टिकल कंटाळवाणं वाटतं. त्या वर्षी जो तो आपल्या गल्लीच्या टँकरची नळी आधी बघायचा. कुठल्या गल्लीच्या नळ्यांत बुडबुडे आले हे मुलं संध्याकाळपर्यंत गल्लीत सांगून मोकळी, मी अहवाल टाइप करायच्या आत.

एक गोष्ट बोलून टाकते. पाणीपुरीवरचे प्रबंध पुरे झाले. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी दरवर्षी कुणीतरी गाड्यावरचं पाणी आणतं, त्यात ई. कोलाय सापडतो, ईएमबी अगारवरची हिरवी धातूसारखी झळाळी दाखवणारा फोटो निघतो आणि निष्कर्ष असा की गाड्यावरचं अन्न अस्वच्छ आहे. हे शोधायला अगार कशाला? बर्फ कुठून येतो, चिंचेचं पाणी किती आंबट आहे, त्या आंबटपणात साल्मोनेला किती वेळ तग धरतो, असं काही विचारलं तर कामाचं. २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आला. पाणीपुरीवरच्या सगळ्या प्रबंधांपेक्षा मला तो जास्त आवडतो. साक्षर नसलेल्या माणसालाही कळतो.

कायदाही आमच्या डोळ्यांदेखत बदलला. १९५४ चा कायदा नावानेच भेसळ प्रतिबंधाचा, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष दुधातल्या पाण्यावर आणि हळदीतल्या रंगावर. २००६ चा कायदा अन्नसुरक्षेचा, तो ऑगस्ट २०११ पासून खऱ्या अर्थाने लागू झाला. त्यानंतर माझ्या विद्यार्थ्यांना डेअरीत, मसाल्याच्या कारखान्यात, तपासणी प्रयोगशाळेत नोकऱ्या मिळायला लागल्या. आधी बीएड किंवा डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका), एवढेच रस्ते. दोघी-तिघी आज अन्न सुरक्षा अधिकारी आहेत आणि मला मॅडम म्हणता म्हणता माझ्याच आवडत्या मिठाईवाल्याला नोटीस काढतात.

पण प्रत्यक्ष विषबाधेत आजही तीच रड. एकदा एका वसतिगृहातून बोलावणं आलं, मुली आजारी पडल्या होत्या. मी पोचेपर्यंत भांडी घासून पालथी, स्वयंपाकघर फिनेलने पुसलेलं. "नमुना" म्हणून मला वाफाळती डाळ दिली, नुकतीच केलेली! मग मुलींमध्ये बसून तासांचा तक्ता केला: कोण किती वाजता जेवली, काय काय खाल्लं, काय टाकलं, त्रास कधी सुरू झाला. ज्या दोघींनी पनीरची भाजी खाल्ली नव्हती त्या ठणठणीत होत्या. प्रयोगशाळेचा पुरावा नाही, त्यामुळे कागदोपत्री त्याला किंमत नाही. वॉर्डनबाईंनी तक्ता घडी घालून पर्समध्ये ठेवला.

आणि भगर. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी जवळ आली की माझा फोन तापतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला एकादशीच्या प्रसादाची भगर-आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. झाडांना दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या लटकवलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. भगरीने लोक आजारी पडल्याच्या बातम्या उपासाच्या दिवसांत जवळजवळ ठरलेल्याच. अन्न व औषध प्रशासन सणांच्या तोंडावर सूचना काढतं: भगरीवर ॲस्परजिलस बुरशी वाढते, तिच्यापासून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं तयार होतात, तेव्हा सुटी भगर आणि तयार पीठ घेऊ नका. पीठ का नको? दळलं की दाण्याचं संरक्षण जातं आणि पीठ हवेतला ओलावा पटकन ओढतं. चक्कर, घाम, थरथर अशी लक्षणं आली की मला जिवाणूपेक्षा बुरशीचा संशय आधी येतो. भगरीच्या जवळच्या कोद्रूचीही हीच कथा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशात बांधवगडला बुरशी लागलेला कोद्रू खाऊन दहा हत्ती मेले, त्यांच्या नमुन्यांत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीचं विष सापडलं. उपासाच्या पिठाला विटाळ नसतो असं आजी म्हणायची. बुरशीला ते कुणी सांगितलेलं नाही.

सध्या मी तालुक्याच्या गावी आचाऱ्यांची शिबिरं घेते. पहिल्याच शिबिरात मी परफ्रिन्जेन्स समजावून सांगत होते. हा हवेशिवाय वाढतो, मोठ्या हंड्याच्या तळाशी त्याला हवं ते सगळं मिळतं, आणि ४३ ते ४५ अंशांत दहा मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून वरण हंड्यात झाकून निवत ठेवू नका, परातींत पसरा. मागून एक वयस्कर आचारी उठले. "मॅडम, झाकू नको म्हणता, मग पाल पडली तर?" सगळे हसले, पण प्रश्न चोख होता. पातळ फडकं टाका म्हटलं, पंखा लावा म्हटलं. "शेतातल्या मांडवात पंखा कुठनं आणू? अन् हजार माणसाच्या वरणाला पराती किती लागतील, हिशेब केला का?"

मी तिथेच फळ्यावर हिशेब केला आणि तो त्यांच्या बाजूने निघाला. पराती पुरणार नव्हत्या. मग अर्धा-पाऊण तास वाद घालून आमचं ठरलं की वरण निववायचंच कशाला, दोनदा शिजवावं. पहिली पंगत एका हंड्यावर, दुसऱ्या पंगतीसाठी दुसरा हंडा नंतर चढवायचा, आणि वाढेपर्यंत जाळ बंद करायचा नाही. जळण वाढतं, ते यजमानाच्या बिलात. गेल्या लग्नसराईत त्यांनी हे केलं आणि मला फोन करून कळवलंही. आता आमचं भांडण पनीरवर आलंय. पनीर पहाटे पाण्याच्या पिंपात येतं, बर्फ सकाळी नऊलाच वितळतो, आणि नवरदेव पारावरून दोनच्या आत हलत नाही. "मुहूर्त तुम्ही सांभाळा, पनीर मी सांभाळतो," असं त्यांचं म्हणणं.