राजाच्या अंगरख्याचा काठ

माझं रोजचं काम म्हणजे बाटल्या, घड्याळं, दागिन्यांचे फोटो. दगडाचा अनुभव शून्य. तरी एका प्रकाशकाने ब्रिटिश म्युझियममधल्या असिरियन शिल्पपटांचं काम दिलं आणि मी हो म्हणून बसलो. म्युझियम बंद झाल्यावर पाच तास मिळणार होते.

पहिलाच पट दुसऱ्या अशुरनासिरपालचा. इ.स.पू. ८८३ ते ८५९ या काळातला राजा, आत्ताच्या इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातला. हातात पेला घेऊन बसलेला, मागे चवरीवाला. पट माणसाहून उंच, पण कोरीवकामाचा उठाव अगदी जेमतेम. मी सवयीप्रमाणे दोन बाजूंना दोन सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ पसरवणारे पेटीदिवे, लावले, पंचेचाळीस अंशांत. कुठेही सावली पडू द्यायची नाही, हा आमचा धर्म.

राजाच्या कपड्यांवरून कीलाक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या प्राचीन लिपीच्या, ओळी बेधडक आरपार गेलेल्या. इतकं राबून काढलेल्या चित्रावरून कुणी लिहितं का? मला तर आपल्या किल्ल्यांवर बदामात नावं कोरणारे आठवले. संपादकबाई म्हणाल्या, राजवाडाभर पटामागून पट हाच मजकूर आहे: मी कोण, कुठले प्रदेश जिंकले, हा वाडा कसा बांधला. म्हणजे बदाम नव्हे, सरकारी शिक्का.

तासाभराने त्यांनी लॅपटॉपवर फोटो पाहिले. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. फक्त म्हणाल्या, "यात दगड कुठे आहे?"

खरंच नव्हता. राजा ग्लुकोजच्या बिस्किटावरच्या ठशासारखा दिसत होता.

चिडून एक दिवा बंद केला. दुसऱ्याचा सॉफ्टबॉक्स काढून टाकला, हॉलमधले दिवे मालवून घेतले आणि उघडा दिवा भिंतीला जवळजवळ चिकटेल इतका तिरपा नेला. दाढीची एकेक वळी सुटी झाली. दंडाचे स्नायू दोरखंडासारखे वर आले. ते होणारच होतं, सावलीचं काम आहे ते. पण मी पुरता गप्प झालो तो अंगरख्यापाशी.

जो भाग मी तासभर कोरा समजत होतो, त्या काठावर चित्रं होती. सुईने ओढल्यासारख्या रेघा. मधे नक्षीचं झाड, दोन्हीकडे पंखवाल्या आकृत्या, आणि झाडापुढे चक्क तोच राजा, बोटाएवढा. दिवा वीतभर पुढे सरकवला की तो नाहीसा व्हायचा, मागे घेतला की पुन्हा उभा. हे पट मुळात रंगवलेले असत; तेव्हा कदाचित हा काठ लांबूनही कळत असेल. आता त्याची सगळी भिस्त माझ्या एका दिव्यावर. उरलेले पट मी एकाच दिव्यावर काढले. धर्म बुडाला तो बुडाला.

सामान आवरताना संपादकबाईंना कळलं की मी मुंबईचा. मग त्यांनी सांगितलं, १८४० च्या दशकात निमरूदचं उत्खनन करणाऱ्या लेयर्ड नावाच्या इंग्रजाने तिथून पाठवलेली खोकी बसऱ्याहून बोटीने मुंबईला यायची आणि तिथून इंग्लंडला जायची. मुंबई बंदरात ती उघडून लोकांनी मूर्ती पाहूनही घेतल्या होत्या. थोडक्यात, माझ्याआधी माझ्या गाववाल्यांनी उद्घाटन केलेलं.

घरी पोचलो तेव्हा तिकडे दादरला सकाळ झाली होती. काठाचा फोटो आईला पाठवला. तिने चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत, साड्यांवर भरतकाम केलंय. पाच मिनिटांत फोन.

"अरे, हे विणलेलं आहे की भरलेलं?"

"आई, दगड आहे तो."

"ते कळलं रे. ज्याने कोरलं त्याच्यासमोर कापड असणारच ना? काठ कोपऱ्यात कसा वळवलाय बघ. मागची बाजू दाखव, लगेच सांगते."

मागची बाजू कुठली दाखवणार? वजन कमी व्हावं म्हणून लेयर्डने पटांच्या पाठी करवतीने कापून निमरूदलाच टाकल्या होत्या.