साम्सो बेटावर दोन दिवस, एक वाऱ्याचा आणि एक वारा पडलेला

कोपनहेगनहून ट्रेननं कालुंडबोर्ग आणि तिथून फेरीबोटीनं साधारण सव्वा तासात साम्सो. डेन्मार्कच्या नकाशात जवळजवळ मधोमध असलेलं हे बेट, क्षेत्रफळ 114 चौरस किलोमीटर आणि वस्ती चार हजारांच्या आत. बाकीचे लोक सायकली घेऊन निवांत सुट्टीला आले होते, मी आणि काका मात्र खास पवनचक्क्या बघायला. काकांची सगळी नोकरी सबस्टेशनमध्ये गेली, पवनऊर्जेचा विषय निघाला की त्यांचा एकच प्रश्न असतो, "अगं पण वारा पडला की काय करायचं?" मी कायम पवनऊर्जेच्या बाजूनं बोलणारी त्यामुळे आमची यावरून वर्षानुवर्षं वादावादी चाललेली, शेवटी म्हटलं चला, जिथं अख्ख्या बेटानं हे करून दाखवलंय तिथंच जाऊ.

झालं असं की 1997 साली डेन्मार्क सरकारनं एक स्पर्धा घेतली, कुठलं बेट दहा वर्षांत पूर्णपणे अपारंपरिक ऊर्जेवर जाऊ शकेल, आणि ती साम्सोनं जिंकली. तोपर्यंत इथं घरं तापवायला तेल यायचं आणि वीज केबलमधून मुख्य भूमीवरून. 2000 मध्ये जमिनीवर 11 चक्क्या लागल्या, प्रत्येकी 1 मेगावॉटची, आणि 2003 पर्यंत दक्षिणेच्या समुद्रात अजून 10, प्रत्येकी 2.3 मेगावॉटच्या. समुद्रातल्या मुद्दाम जास्तीच्या घेतल्या, कारण बेटावरच्या गाड्या आणि फेरीबोटी तेलावरच चालणार होत्या, तेवढ्याची भरपाई स्वच्छ वीज बाहेर पाठवून करायची असा हिशोब होता.

पहिल्या दिवशी वारा मस्त होता. बालेन बंदरातून पायीच ब्रुंडबी गावाकडे निघालो, तिकडे शेतात पाच चक्क्या ओळीनं उभ्या आहेत. आणि सगळ्यात आधी डोळ्यात भरलं ते म्हणजे पीक अगदी टॉवरच्या पायापर्यंत आलेलं! येण्याजाण्याचा एक कच्चा रस्ता आणि खालचा काँक्रीटचा पाया सोडला तर बाकी जमीन शेतीला मोकळी, कोळशाच्या खाणीचं किंवा धरणाखाली गेलेल्या जमिनीचं असं होत नाही. पाणीही लागत नाही, औष्णिक केंद्राला थंड करायला किती पाणी लागतं ते काकांनीच मला चालता चालता सांगितलं, म्हणजे माझ्या बाजूचा मुद्दा त्यांनीच मांडला.

आवाजाबद्दल मी खरं तेच लिहिते. अगदी खाली उभं राहिलं की पातं खाली येताना दर वेळी एक जड सूsssप असा आवाज येतो, पात्याच्या टोकाचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर असतो त्यामुळे तो येणारच. आम्ही नॉर्मल आवाजात बोलू शकत होतो आणि थोडं लांब गेल्यावर पानांच्या सळसळीत तो विरून गेला, पण शांत रात्री, खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्या माणसाला तो लय धरून येणारा आवाज त्रास देत असणार हे मला पटलं. संध्याकाळी ऊन तिरपं झाल्यावर तर पात्यांची सावली रस्त्यावरून सारखी धावत होती, ती कुणाच्या घराच्या खिडकीवर रोज पडली तर डोकं उठेल. म्हणून घरापासून किती अंतर ठेवायचं हा नियम कागदावरचा नाही, लोकांच्या झोपेचा आहे.

मग इथल्या लोकांनी विरोध कसा नाही केला? मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं इथंच आहे. जमिनीवरच्या 11 पैकी 9 चक्क्या शेतकऱ्यांनी स्वतः घेतल्या आणि 2 सहकारी पद्धतीनं, म्हणजे गावातल्या साध्या माणसांचेही त्यात शेअर. बाहेरच्या कंपनीनं येऊन उभी केलेली चक्की फिरली की दुसऱ्याची कमाई दिसते, स्वतःचा शेअर असला की त्याच आवाजाकडे माणूस वेगळ्या कानांनी ऐकतो. माझ्या मते पवनऊर्जेचे निम्मे वाद तंत्रज्ञानाचे नसून मालकीचे असतात.

ब्रुंडबीलाच एक जुनी लाकडी पवनचक्की आहे, तिच्यापाशी आम्ही खूप वेळ रेंगाळलो. ही पीठ दळायची चक्की. अख्खं लाकडी घरच एका जाड खांबावर तोललेलं, वारा फिरला की मागच्या लांब दांड्याला धरून सगळं घर ढकलायचं आणि पात्यांचं तोंड वाऱ्याकडे करायचं. काका दांड्याला हात लावून म्हणाले, "तत्त्व तेच बघ." नवीन चक्कीत टॉवरच्या माथ्यावरचा तो मोठा डबा असतो ना, ज्यात जनरेटर असतो, तो मोटर लावून तसाच वाऱ्याकडे वळवतात, फक्त वाऱ्याची दिशा आता सेन्सर सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. पान हलत नव्हतं, समुद्र नुसता काचेसारखा. पुन्हा ब्रुंडबीला गेलो तर पाचही चक्क्या गप्प उभ्या, एखादं पातं आळसावून थोडं सरकायचं तेवढंच. काका काही बोलले नाहीत पण चेहऱ्यावर सगळं दिसत होतं! आणि खोलीतले दिवे तर सकाळी व्यवस्थित लागले होते.

ती वीज आली कुठून तर त्याच मुख्य भूमीच्या केबलमधून. साम्सो शंभर टक्के अपारंपरिक म्हणतात ते वर्षभराच्या हिशोबानं, वारा असतो तेव्हा बेट वीज बाहेर पाठवतं आणि नसतो तेव्हा घेतं. हे मला आधी वाचून माहिती होतं पण थांबलेल्या चक्कीखाली उभं राहून कळणं वेगळं. मग काकांनी रस्त्याकडेच्या दगडावर बसून मला गणित समजावलं, वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वाऱ्यातली ताकद निम्मी नाही तर आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून थोडा वारा कमी झाला तरी वीज धाडकन खाली येते. सेकंदाला 3-4 मीटरच्या खाली चक्की वीज देतच नाही, आणि 25 मीटरच्या वर गेलं की मोडू नये म्हणून स्वतःच थांबते, म्हणजे वादळातही वीज नाही. चक्कीवर 1 मेगावॉट लिहिलेलं असलं तरी वर्षाची सरासरी काढली तर जमिनीवर त्याच्या 25 ते फार तर 40 टक्के मिळतं, समुद्रात जरा बरं.

डेन्मार्कला हे जमतं, देशाची निम्म्याहून जास्त वीज आज वाऱ्यातून येते, पण त्याचं कारण नुसता वारा नाही. नॉर्वे, स्वीडन, जर्मनीशी मोठमोठ्या केबलनी हा देश जोडलेला आहे. वारा जोरात असला की वीज नॉर्वेला जाते आणि तिथले जलविद्युतवाले धरणातलं पाणी राखून ठेवतात, वारा पडला की त्याच पाण्याची वीज परत येते. काकांच्या प्रश्नाला साम्सोवर मिळालेलं उत्तर हे असं होतं, शेजारी, केबल आणि पाणी. ज्या देशाकडे यातलं काही नाही त्याला बॅटऱ्या किंवा दुसरी केंद्रं तयार ठेवावी लागणार आणि तो खर्च पवनऊर्जेच्या खात्यात धरलाच पाहिजे, हे मी आता मान्य करते. काकांनीही एक मान्य केलं, चक्की बनवायला लागलेली ऊर्जा ती साधारण वर्षभरात परत देते आणि पुढे वीसेक वर्षं एक किलोसुद्धा कोळसा न जाळता चालते, हे त्यांच्या जुन्या केंद्रांना कधीच जमलं नसतं.

पाती मात्र मला खटकतात. फायबरग्लास आणि रेझिनची असल्यानं आयुष्य संपल्यावर ती वितळवून परत वापरता येत नाहीत, टॉवरचं स्टील भंगारात जातं आणि पाती बऱ्याच ठिकाणी कापून पुरली जातात. पुन्हा वापरता येतील अशी पाती आता कुठं यायला लागलीयत. पक्ष्यांचंही तसंच, नॉर्वेच्या स्मोला बेटावर समुद्री गरुड आदळून मरायचे, तिथं तीनपैकी एक पातं काळं रंगवल्यावर पक्षी मरण्याचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. इतका साधा उपाय, पण तो चक्क्या उभ्या करून पक्षी मेल्यावर करावा लागला याचं मला वाईट वाटतं.

परतीच्या फेरीवर डेकवर उभे होतो, दुपारी परत वारा सुटलेला. दक्षिणेला समुद्रातल्या दहा चक्क्या दिसत होत्या, नऊ फिरत होत्या आणि एक थांबलेली, तिच्या पायाशी एक छोटी बोट लागली होती. समुद्रात वारा चांगला पण काही बिघडलं की लाटा शांत होईपर्यंत माणसं पोचू शकत नाहीत, आणि मोठा पार्ट बदलायचा तर क्रेनवालं जहाज मागवावं लागतं. सकाळी वारा पडला होता तेव्हाच ही माणसं पोचली असतील का, की आत्ताच आली आहेत, यावर काका बराच वेळ बोलत राहिले. बोट ठिपक्याएवढी झाली तरी ते तिकडेच बघत होते, मी आत जाऊन बसले.