शिळं पाणी

आमच्या समोरच्या घरात सात माणसं राहतात, आमच्याकडे तीन. मेंटेनन्सच्या बिलात पाण्याचा आकार मात्र दोघांना सारखाच. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पाण्याचे पैसे माणसं मोजून लावत नाहीत, घरात किती नळजोडण्या आहेत आणि त्या केवढ्या आहेत त्यावर लावतात. दोन्ही घरांत एक स्वयंपाकघर, दोन बाथरूम. मिटला प्रश्न. पंधरा वर्षं मी हे निमूट भरलं. पण यंदा उन्हाळ्यात ठाण्यात, मानपाड्याला आमच्या गेटात टँकर लागू लागले, त्याचेही पैसे सारखेच वाटले गेले, आणि मला न्यायाची उबळ आली. जनरल बॉडीत उभा राहून मी म्हटलं, "प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवा. जो जितकं वापरेल, त्यानं तितकं भरावं."

टाळ्या पडल्या. छोट्या कुटुंबांच्याच, पण पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, "काका, मग माहिती तुम्हीच काढा." जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हा उपविधींत नसलेला पण सगळ्यात कडक पाळला जाणारा नियम.

प्लंबरला बोलावलं. त्यानं डक्टात डोकं घातलं, टॉर्च फिरवला आणि आतूनच म्हणाला, "साहेब, एका घराला एक मीटर चालणार नाही. तीन लागतील." गच्चीवरच्या टाकीतून पाणी उभ्या पाइपांनी खाली येतं. स्वयंपाकघराचा पाइप वेगळा, दोन बाथरूमचे दोन वेगळे. बंगल्याला पाणी एका दारानं येतं, फ्लॅटमध्ये ते तीन चोरवाटांनी शिरतं. आमचे ५६ फ्लॅट, म्हणजे १६८ मीटर. दर महिन्याला डक्टात वाकून ते वाचणार कोण? वॉचमननं तेवढ्यात नजर दुसरीकडे वळवली. वर प्लंबर सांगतो, टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते, आणि पाणी परत सोडलं की ती हवासुद्धा मीटर फिरवत बाहेर पडते. म्हणजे ज्या दिवशी पाणी नाही, त्या दिवसाचं हवेचं बिल.

तरी म्हटलं, आपलं घर किती पाणी पितं ते तरी बघावं. शहरांसाठीचा सरकारी मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा. तिघांचे झाले ४०५, महिन्याचे बारा हजारांच्या वर. मीटरचं एक युनिट हजार लिटरचं, म्हणजे बारा युनिट. ठाण्याच्या वाट्याचं बरंच पाणी पिसे इथं भातसा नदीतून उचलतात, टेमघरला शुद्ध करतात. तिथून ते इथवर आणून नवव्या मजल्यावर चढवलेलं, आणि मी त्याचं काय करतो? दाढी करताना नळ सोडून ठेवतो. त्या दिवशी नळाखाली वीस लिटरची बादली ठेवली. एक गाल होईपर्यंत ती भरून वाहायला लागली. दुसरा गाल मी मगातल्या पाण्यात उरकला.

बायको म्हणाली, "एवढं मोजतोच आहेस तर फ्लशच्या टाकीत हळद टाकून बघ." टाकली. कुणीही फ्लश केला नाही, तरी अर्ध्या तासानं भांड्यात पिवळी रेघ उतरलेली. रात्री सगळं निजल्यावर एक बारीक झिर्र आवाज यायचा, तो मी इतकी वर्षं समोरच्यांच्या घरातला समजत होतो. सात माणसं म्हटल्यावर असायचंच! निघाला आमचा. कडक झालेलं एक रबरी वॉशर, चाळीस रुपये. प्लंबरनं जाता जाता सांगितलं की इतकी बारीक धार बऱ्याचदा मीटरला कळतही नाही. हे ऐकून हायसं वाटावं की लाज वाटावी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मग आई. 'शुक्रवारी पाणी नाही' एवढं कानावर पडलं की गुरुवारी रात्री ती हंडा, कळशी, पातेली, कुकरची भांडीसुद्धा भरून ठेवते. शनिवारी नळाला पाणी आलं की ते सगळं ओतून टाकते, कारण ते शिळं. टाकीतलं पाणी चार दिवसांचं असलं तरी ताजं, कारण ते नळातून येतं. मी तिला म्हटलं, आता मीटर लागलं की हे सगळं मोजलं जाईल.

"तुळशीला घालते ते पण?"

"मीटरला काय कळतंय, तुळशीला घातलं की मोरीत ओतलं."

"मग त्याला कळतं तरी काय?" असं म्हणून ती कळशी घासायला बसली. नळ अर्थातच सोडलेला.

काल, गुरुवारी रात्री, कमिटीची बैठक होती. मीटरला विरोध करायला समोरचे येणार म्हणून मी मुद्दे लिहूनच नेले होते. ते उठले आणि म्हणाले, "लावा की मीटर. आम्ही सात जण, पण शॉवर केव्हाच काढून टाकलाय. माणशी एक बादली, पोरांनाही तेवढीच. आमचं बिल कमीच येईल." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कागदाची घडी खिशात घातली आणि १६८ मीटरांच्या खर्चाचा नीट अभ्यास व्हायला हवा म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागितली.

घरी आलो तर स्वयंपाकघरात हंडा भरत आला होता. आईनं हातानंच खूण केली, आता कळशी दे.