तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबा गेले कुठे?

मी रोजच्या मालिकांची पटकथा आणि संवाद लिहिते. लग्नकार्यात, रेल्वेत, दवाखान्याच्या बाकावर, जिथे कुठे हे कळतं तिथे एक प्रश्न ठरलेला असतो. "अहो, त्या मालिकेतले आजोबा एकदम गेले कुठे? गावाला गेले म्हणालात, पुढे कुणी त्यांचं नावही काढलं नाही!" आणि पाठोपाठ, "तुम्हाला वाटतं आमच्या काही लक्षात येत नाही."

येतं. तुमच्या लक्षात येतं हे आम्हाला पक्कं माहीत असतं. आजवर मी विषय बदलत आले, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते सांगताना त्रास होतो. आता एकदा सांगून टाकते.

आधी आमची बाजू. नट नाही म्हणजे त्याचे सीन नाहीत, म्हणजे लेखकाचं काम कमी, असं नसतं. नट आजारी पडल्याचा निरोप बहुधा रात्री येतो. सकाळी सातला सेटवर कॉल असतो आणि बँकेत, म्हणजे तयार होऊन पडलेले, जेमतेम दोन-तीन भाग असतात. न्याहारीचा सीन अर्धा झालेला असतो. त्यात आजोबा खुर्चीत बसलेले दिसलेत, पुढ्यात उपम्याची बशी आहे. उरलेला अर्धा त्यांच्याविना करायचा. मग त्यांच्या अंगकाठीचा कुणीतरी ती शाल पांघरून पाठमोरा बसतो, कॅमेरा त्याच्या खांद्यावरून सुनेवर लागतो आणि आजोबांची वाक्यं मी रात्रीत दुसऱ्यांच्या तोंडी घालते. ती बसत नाहीत. "मुलीला विचारलंत का कुणी?" हे आजोबांनी म्हटलं की घर गप्प होतं. तेच धाकट्या दिराने म्हटलं की भांडण होतं, आणि भांडण झालं की पुढचे तीन सीन बदलतात. तुम्हाला पडद्यावर फक्त एक रिकामी खुर्ची दिसते.

चार-आठ दिवसांचा प्रश्न असेल तर फोन असतो. "हो बाबा, गोळ्या घेतल्यात ना? बरं, ठेवते." महिन्याचा असेल तर गाव, तीर्थयात्रा, ऑफिसच्या कामाने बंगलोर. कायमचा असेल तर दोनच वाटा उरतात, नवा नट नाहीतर मरण. नव्या नटाचं तुम्ही स्वीकारता, थोडी कुरकुर करून. 'माझ्या नवऱ्याची बायको'त २०१८ साली शनाया बदलली, रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली, २०२० मध्ये पुन्हा रसिका आली, आणि मालिका २०२१ पर्यंत चालली. मरण मात्र तुम्ही सहजी स्वीकारत नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'तला मिहीर २००१ मध्ये मेला तेव्हा प्रेक्षकांनी एवढं आकांडतांडव केलं की त्याला परत आणावं लागलं. पुढे अमर उपाध्यायच्या जागी इंदर कुमार, मग रोनित रॉय आले, आणि तोच मिहीर वर्षानुवर्षं त्या घरात राहिला. म्हणजे तुम्हाला चेहऱ्यापेक्षा नातं हवं असतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. याच्याच जोरावर आम्ही लिहितो.

आता आजोबांचं.

१९ मार्च २०२० पासून शूटिंग थांबली. जूनच्या अखेरीस पुन्हा सुरू होऊ लागली तेव्हा सरकारी नियमांत एक अट होती, ६५ वर्षांवरच्या कुणालाही सेटवर येता येणार नाही. आमचे आजोबा त्याच्या बरेच वर होते. मालिकेचं नाव सांगत नाही, त्यांचंही नाही. ज्यांनी पाहिली त्यांना कळेल.

"आजोबा गावाला गेले होते, तिकडेच अडकले" हे मी लिहिलं तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही. त्या दिवसांत घरोघरी कुणी ना कुणी कुठे ना कुठे अडकलेलं होतं. मी व्हिडिओ कॉलचे सीन लिहू लागले. ते आपल्या घरी बसून बोलायचे, मुलगा फोनवर चित्रित करून पाठवायचा. पहिलीच क्लिप आली आणि ईपीचा, म्हणजे कार्यकारी निर्मात्याचा, मला फोन. आजोबांच्या डोक्यामागे भिंतीवर त्यांच्या खऱ्या पत्नीचा हार घातलेला फोटो दिसत होता. मालिकेतली आजी तर जिवंत, मुंबईच्या घरात त्याच कॉलवर त्यांच्याशी बोलत बसलेली. फोटो काढून पुन्हा करायला सांगा, असा निरोप होता. मी सांगितलं. ते म्हणाले, "फोटो नाही काढणार. मी खुर्ची फिरवतो." नंतरच्या सगळ्या कॉलमध्ये त्यांच्या मागे खिडकीचे गज दिसतात. ते गाव म्हणून खपलं.

७ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने ती वयाची अट रद्द केली. संध्याकाळी त्यांचा फोन, "आता कायद्याची अडचण नाही. कधी बोलावताय?" आवाजात इतकी घाई होती की मी लगेच निर्मात्यांशी बोलले. उत्तर मिळालं, जबाबदारी कोण घेणार? ती भीती खोटी नव्हती. सप्टेंबरात साताऱ्याला 'आई माझी काळूबाई'च्या सेटवर करोना पसरला आणि २२ तारखेला आशालता वाबगावकर गेल्या. त्यानंतर कुठल्याच सेटवर वयस्कर माणसाला बोलवा म्हणायला जीभ रेटेना. माझीसुद्धा. पण खरं कारण मला त्याआधीच एका गुरुवारी, आकडे आल्यावर कळलं होतं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आजोबांशिवाय टीआरपी पडलेला नाही." पुढे कुणाला काही बोलावंच लागलं नाही. माणूस नसण्याची आणि न पडलेल्या आकड्याची गाठ एकदा बसली की लेखकाला ती सुटत नाही.

मग सूचना आली, करोनातच आजोबा घेऊन टाकू. एक आठवडा भावनिक जाईल, आजीला मोठे सीन मिळतील. माझ्या व्यवसायाच्या हिशोबाने सूचना चुकीची नव्हती. पण त्याच आठवड्यात ते मला म्हणाले होते, "मारू नकोस गं. गावाला राहू दे हवं तर वर्षभर. एकदा मारलंस की दार बंद." मी बैठकीत अडून बसले, आणि जिंकले. आजोबा मेले नाहीत.

पण परतही आले नाहीत. व्हिडिओ कॉल बंद झाले, चित्र बरं दिसत नाही म्हणून. मी संवादात नाव ठेवत राहिले. "आजोबांचा फोन आला होता, आंबेमोहोर पाठवतायत." "आजोबा असते तर हे झालं नसतं." कधी सेटवरच गळायचं, कधी एडिटमध्ये. सांगितलं जायचं की नाव घेतलं की प्रेक्षक विचारतात, नाही घेतलं की विसरतात. आणि ते रोज रात्री बघायचे. दुसऱ्या दिवशी फोन यायचा, रागाचा नाही, साधाच, "काल आलं नाही बघ नाव." मी म्हणायचे, लिहिलं होतं. ते म्हणायचे, "माहितेय मला." वर्षभरात मालिका संपली. शेवटच्या भागात अख्खं घर एका फ्रेममध्ये होतं, आणि त्यांचा साधा उल्लेखही नव्हता.

ते नंतर दुसऱ्या एका मालिकेत उभे राहिले, तिथेही आजोबाच. माझ्याशी छान बोलतात. त्या मालिकेचा विषय मात्र दोघंही काढत नाही.

तेव्हा "तुम्ही त्यांना असं वाऱ्यावर का सोडलंत" असं कुणी विचारलं की मला राग येतो. मी त्यांना जिवंत ठेवलं! आणि लगेच वाटतं, कुणासाठी? नव्याने लिहायला लागले तेव्हाची मी असते तर माझ्याशी कडाडून भांडले असते. त्या मुलीचं मत पक्कं होतं, प्रेक्षक ज्या माणसाबरोबर रोज जेवायला बसलेत त्याचं सुतक त्यांना पाळू द्यावं. ती बैठकांमध्ये अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट'चं उदाहरण द्यायची. तिथे दुकानदार मिस्टर हूपर झालेले विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले. पुढच्या वर्षी एका भागात लहान मुलांना सरळ सांगितलं गेलं की मिस्टर हूपर गेले, आता परत येणार नाहीत. दुसरा नट घेतला नाही, परगावीही पाठवलं नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना जे सांगता येतं ते आपल्या प्रेक्षकांना का नाही, असं ती विचारायची. तिला मी आजही उत्तर देऊ शकत नाही.

तीच मुलगी 'तारक मेहता का उल्टा चष्मा'वर चिडायची. दिशा वकानी २०१७ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली, ती आलीच नाही आणि दयाबेन कायमची माहेरी. २०१८ मध्ये कवी कुमार आझाद वारले, तर डॉक्टर हाथीची भूमिका निर्मल सोनीला दिली, ज्याने ती पूर्वी केली होती, आणि डॉक्टर जिवंतच राहिला. ही प्रेक्षकांची फसवणूक आहे असं मला तेव्हा ठामपणे वाटायचं. आता दयाबेनचं अर्धवट उघडं दार दिसलं की मला फोनवरचा तो आवाज आठवतो. नटाला तेच हवं असू शकतं. आणि तरी ते उघडं ठेवलेलं दार बघत तुम्ही वर्षानुवर्षं ताटकळता, हेही खरं आहे. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं?

एवढं मात्र माझ्याकडून ठाम घ्या. गावाला पाठवणं, नट बदलणं, मारणं, यातलं काहीही मला मान्य आहे. घरातल्यांनी नाव घेणं थांबवणं मान्य नाही. सून आठ वर्षं ज्याला वाकून नमस्कार करत होती त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ती पर्स ठेवते तेव्हा तुम्हाला सून खोटी वाटायला लागते, आणि मग तिचं रडणं, हसणं सगळंच. प्रेक्षक विसरत नाहीत, ते मनातून उतरवतात. आकड्यात ते उशिरा दिसतं, म्हणून कुणी त्याचा संबंध आजोबांशी जोडत नाही.

सध्या लिहितेय त्या मालिकेतली थोरली सून पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या रजेवर जातेय. वाहिनीला नवी मुलगी हवी आहे. मी म्हणतेय तिला माहेरी पाठवू, रोज एकदा तरी घरात तिचं नाव निघू दे, सासू तिच्या हातच्या आमटीवरून कुणाला तरी टोचू दे, म्हणजे ती परत येईल तेव्हा जागा तिचीच असेल. परवा तिच्याशी बोलले. ती म्हणाली, "ताई, दुसरी घ्या ना. तुम्ही रोज माझं नाव घेतलंत तर मला बाळाजवळ बसून रोज ते ऐकावं लागेल, आणि परत यायचंच आहे असं ठरून जाईल. मला अजून माहीत नाही." वनलाइन, म्हणजे पुढच्या भागांचा सीनवार आराखडा, शुक्रवारी द्यायची आहे, आणि माहेरचा ट्रॅक मी अजून खोडलेला नाही.