सतरा खुंट्या

ओहायो राज्यातील एका मध्यम आकाराच्या गावात मी नगरपालिकेच्या वाहतूक विभागात स्थापत्य अभियंता म्हणून काम करते. गावाच्या मधोमध मालगाड्यांचा दुहेरी लोहमार्ग जातो आणि जेमतेम एका मैलात तीन रस्त्यांवर त्याची फाटके आहेत. गावाचे आणि रेल्वे कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती आमच्याच कार्यालयात घडली.

अमेरिकेत फाटकापाशी भोंगा वाजवायचा की नाही, हे इंजिनचालकाच्या मर्जीवर नसते. १९९४ साली झालेल्या कायद्याने हे काम संघीय रेल्वे प्रशासनाकडे सोपवले आणि २४ जून २००५ पासून देशभर एकच नियम लागू झाला. प्रत्येक सार्वजनिक फाटकाआधी १५ ते २० सेकंद भोंगा वाजवायचा, दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब, आणि हा शेवटचा सूर इंजिन फाटकात शिरेपर्यंत थांबवायचा नाही. आवाजही ठरलेला आहे: इंजिनापुढे १०० फुटांवर मोजला असता तो ९६ डेसिबलपेक्षा कमी आणि ११० पेक्षा जास्त असता कामा नये. आमची तीन फाटके इतकी जवळजवळ आहेत की एकाचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच दुसऱ्याचा पहिला सुरू होतो.

हा नियम कोणाच्या हट्टापायी आलेला नाही. फ्लोरिडात १९८४ पासून गावांना एका रेल्वेमार्गावर रात्री १० ते पहाटे ६ भोंगा बंद ठेवण्याची मुभा मिळाली होती. पुढे संघीय प्रशासनाने आकडे तपासले तेव्हा त्या फाटकांवरचे रात्रीचे अपघात जवळजवळ तिपटीने वाढलेले दिसले आणि १९९१ साली तातडीचा हुकूम काढून भोंगे पुन्हा सुरू करावे लागले. त्यामुळे २००५ च्या नियमाने गावांना 'शांतता क्षेत्र', म्हणजे भोंगा न वाजणारा पट्टा, मागण्याचा हक्क दिला, तो एका अटीवर. आपल्याकडे रुग्णालयाबाहेर पाटी लावली की शांतता क्षेत्र होते. इथे भोंगा काढून घेतल्याने जेवढा धोका वाढेल तेवढा दुसऱ्या कशाने तरी कमी करून दाखवावा लागतो. दांडे असलेल्या फाटकावर भोंगा बंद झाला की धोका ६६.८ टक्क्यांनी वाढतो असे धरतात, आणि सगळे गणित तिथून सुरू होते.

आमच्या गावाने हे गणित माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांच्या काळात स्वस्तात सोडवले होते. इथे दांडा रस्त्याची अर्धीच बाजू अडवतो, म्हणून वाहनांनी त्याला वळसा घालू नये यासाठी दोन फाटकांवर रस्त्याच्या मधोमध दुभाजक, म्हणजे ठेंगणा कठडा आणि त्यावर पिवळ्या लवचिक खुंट्या, बसवला, तिसऱ्यावर काहीच केले नाही, आणि तिन्हींची सरासरी जोखीम राष्ट्रीय मर्यादेखाली आली. कायद्याने हे चालते. मात्र अशा सरासरीवर मिळालेल्या शांततेचा हिशेब संघीय प्रशासन दर वर्षी नव्याने मांडते. मधल्या काळात गावाच्या पूर्वेला मोठी गोदामे आली, वाहने वाढली आणि आमचा जोखमीचा निर्देशांक मर्यादेबाहेर गेला. तसे कळवणारे पत्र आले. त्यानंतर सहा महिन्यांत 'जोखीम कमी करू' अशी लेखी हमी द्यायची असते, नाहीतर शांतता क्षेत्र आपोआप संपते. पत्र ज्या अधिकाऱ्यांच्या नावे आले ते निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या नावाचा टपालाचा खण तसाच होता आणि त्यात ते पत्र नीट, न फोडता, पडून राहिले.

मार्चमधल्या एका पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पहिला भोंगा वाजला. नऊ वाजेपर्यंत माझ्या फोनवर तेहतीस निरोप होते. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या एका परिचारिकेने शांत आवाजात एवढेच विचारले होते, "हे कधी थांबेल, तेवढे सांगा." शिव्या देणाऱ्यांना उत्तर देणे सोपे असते; तिला काय लिहावे हे मला दुपारपर्यंत सुचले नाही.

भोंगा बंद करा अशी मागणी गावभर होत होती आणि पुढचे सात महिने मी तिला तोंड देत होते. लोकांना वाटत होते की कागद चुकला आहे, तर कागद दुरुस्त करा. मलाही खरे तर तसेच वाटत होते. ऑक्टोबरमधल्या त्या मंगळवारपर्यंत.

त्या दिवशी मधल्या फाटकावर संयुक्त पाहणी होती. संघीय प्रशासनाचे निरीक्षक, राज्याच्या आयोगाचे प्रतिनिधी, रेल्वेचे सिग्नल विभागाचे एक गृहस्थ, आमच्या पोलिसांचा एक सार्जंट आणि मी, असे पाच जण नारिंगी जाकिटे घालून सकाळी नऊला जमलो. निरीक्षक मितभाषी होते. त्यांनी कागद मागितलेच नाहीत. माझ्या हातातले मोजचाक घेतले, फाटकाच्या दांड्याच्या रेषेवर ठेवले आणि दुभाजकाच्या कडेने चालू लागले.

अशा दुभाजकाचा नियम साधा आहे. दांड्यापासून मागे किमान १०० फूट तो सलग हवा. त्या अंतरात एखादा रस्ता येऊन मिळत असेल तर किमान ६० फूट तरी हवाच, आणि त्या ६० फुटांत दुकानाची वाहने आत-बाहेर करण्याची वाट असेल तर ती बंद करायची किंवा हलवायची. दांडा खाली आल्यावर त्याचे टोक आणि दुभाजक यांच्यात फुटापेक्षा जास्त फट राहता कामा नये. चाक ५२ फुटांवर टिकटिकले आणि निरीक्षक थांबले. समोर गाड्या धुण्याच्या केंद्राची वाट होती. ती केव्हा झाली हे मला ठाऊक नव्हते. परवानगी आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरून गेली असणार.

"आता खुंट्या मोजू," ते म्हणाले. दुभाजकावर खुंट्यांच्या एकूण एकेचाळीस जागा होत्या. मी मोजत गेले आणि ते टिपत गेले. सतरा जागी फक्त बोल्टची गंजलेली भोके उरली होती, आणि त्यांतल्या सहा एका ओळीत, अगदी दांड्याजवळ. हिवाळ्यात बर्फ हटवणारी आमचीच वाहने त्या खुंट्या उडवतात, वसंतात त्या नव्या बसवायच्या असतात. तुटलेली खुंटी लगेच बदलावी असे नियमातही आहे. शेवटचे मागणीपत्र तीन वर्षांपूर्वीचे होते.

दहा चाळीसला घंटा वाजू लागली. तांबडे दिवे लुकलुकले, तीनेक सेकंदांनी दांडे खाली यायला लागले. नियमाप्रमाणे गाडी येण्याआधी किमान २० सेकंद इशारा मिळावा लागतो आणि गाडी पोहोचण्याच्या ५ सेकंद आधी दांडा पूर्ण आडवा असावा लागतो. सिग्नलवाल्या गृहस्थांनी सवयीने घड्याळ धरले. पश्चिमेकडून गाडीचा दिवा दिसला आणि भोंगा सुरू झाला. इतक्या जवळून तो कानाने ऐकू येत नाही, छातीत ऐकू येतो. नेमका तेव्हा रांगेत दुसरा असलेला पांढरा पिकअप बाहेर निघाला, सहा खुंट्या नसलेल्या जागेतून ठेंगण्या कठड्यावर चाके चढवून समोरच्या बाजूला उतरला, आडव्या दांड्याच्या टोकाला वळसा घातला आणि दोन्ही रुळ ओलांडून गेला. मागच्या हौद्यात पाने गोळा करायचे दोन पंजे आणि एक हिरवे पिंप होते. दारावर आमच्या नगरपालिकेचे बोधचिन्ह होते.

आठ सेकंदांनी इंजिन फाटकात आले. मी मोजले नाही. सिग्नलवाल्यांच्या घड्याळात तसे दिसले.

कोणी काही बोलले नाही. मालगाडी लांब होती, तीनेक मिनिटे डबे जात राहिले आणि आम्ही पाचही जण डब्यांकडे बघत उभे होतो. शेवटी सार्जंटने रेडिओ काढला आणि पिकअपचा क्रमांक सांगितला. निरीक्षकांनी वहीत एक ओळ लिहिली आणि मला विचारले, "भोंगा चालू असताना हे झाले. बंद असता तर?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी गप्प राहिले.

त्या संध्याकाळी भारतात सकाळ झाल्यावर मी मनमाडला वडिलांना फोन केला. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. मी सांगितलेले सगळे त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "फाटक अर्धेच बंद होते म्हणजे काय?" आपल्याकडे दांडा रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पडतो, गेटमन असतो, आणि सिग्नलशी जोडलेले फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. इथे दांडा फक्त येणाऱ्या वाहनांची बाजू अडवतो, जाणारी बाजू मोकळी असते, आणि फाटकाची स्थिती काहीही असो, गाडी थांबत नाही. 'सी/फा' म्हणजे 'सीटी/फाटक' अशी पिवळी पाटी पाहून शिट्टी देणाऱ्या चालकांसोबत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटेना. "मग भोंगा हाच तुमचा गेटमन आहे," ते म्हणाले, "आणि तुम्ही त्यालाच काढायला निघाला आहात." मी वाद घातला नाही, पण त्यांचे म्हणणे पूर्ण खरेही नाही, दुभाजक जर धड असता तर तो पिकअप वळलाच नसता.

पुढच्या महिन्यात नगरपरिषदेसमोर मी कागद दुरुस्त करण्याऐवजी सरासरीचा मार्गच सोडून द्यावा असा प्रस्ताव ठेवला. तिन्ही फाटकांवर मान्य सुरक्षा उपाय केले की वार्षिक निर्देशांकाची टांगती तलवार राहत नाही. पर्याय तीन होते. संघीय तक्त्यात खुंट्यांचा दुभाजक ७५ टक्के परिणामकारक धरला आहे, काँक्रीटचा ८० आणि दोन्ही बाजू अडवणारे चार दांड्यांचे फाटक ८२. खुंट्या सर्वांत स्वस्त आणि चार दांडे कित्येक पटींनी महाग, त्यामुळे एका सदस्यांनी विचारले की पाच टक्क्यांसाठी काँक्रीट कशाला. तक्त्यात बर्फ हटवणारी गाडी धरलेली नाही, असे मी उत्तर दिले आणि बोल्टच्या भोकांची छायाचित्रे पडद्यावर लावली. पिकअपचा उल्लेख मी केला नाही. तोवर तो गावभर झाला होता.

काँक्रीट मंजूर झाले. तिन्ही रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ४० मैलांच्या आत असल्याने सहा इंच उंचीचा कठडा नियमात बसत होता. गाड्या धुण्याच्या केंद्राच्या मालकांशी मात्र मला चार बैठका कराव्या लागल्या. त्यांची तक्रार रास्त होती: परवानगी आम्हीच दिली आणि आता वाट आम्हीच बंद करणार. अखेर मागच्या गल्लीतून नवी वाट पालिकेच्या खर्चाने करून दिली. इरादापत्र पाठवून ६० दिवस हरकतींची वाट पाहिली, उन्हाळ्यात काँक्रीट ओतले, भोंगा वाजणार नाही अशा पाट्या लावल्या, आणि अंमल सुरू होण्याच्या २१ दिवस आधी द्यायची सूचना मी रेल्वेला स्वतःच्या हाताने पोस्टात टाकली. पुढची पडताळणी साडेचार ते पाच वर्षांच्या दरम्यान करायची आहे. ती तारीख आता कोणा व्यक्तीच्या नावे नाही, विभागाच्या दिनदर्शिकेत आहे.

पहिल्या रात्री बारा वाजून गेल्यावर मी मधल्या फाटकावर जाऊन उभी राहिले. साडेबाराच्या सुमारास घंटा वाजली, दांडे पडले आणि गाडी भोंग्याशिवाय आली. इतके दिवस न ऐकलेले आवाज ऐकू आले, चाकांची करकर, हवेच्या ब्रेकचा सुस्कारा. पण ती जवळ आली तेव्हा मी नकळत दोन पावले मागे सरले.

सकाळी कार्यालयात पहिलीच ईमेल तक्रारीची होती. पावणेतीनला पूर्वेच्या फाटकाजवळ एक लांबलचक भोंगा वाजला, मग शांतता क्षेत्राचा उपयोग काय, असे एका गृहस्थांनी विचारले होते. मी रेल्वेकडे चौकशी केली. रुळांवरून एक माणूस चालत निघाला होता. समोर धोका दिसला तर शांतता क्षेत्रातही चालकाला भोंगा वाजवता येतो, अशी नियमात मोकळीक आहे. तसे मी त्यांना सविस्तर लिहून कळवले. अर्ध्या तासाने एका ओळीचे उत्तर आले, "तो माणूस वाचला का?"

वाचला होता. मी तेवढेच लिहिले.